येताना वेळ कमी लागतो

६ मार्च

ऑफिसची डायरी आज मिळाली. आमच्याकडे नव्या वर्षाची डायरी मार्चमध्येच येते आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. दरवर्षी मी ती घरी आणून हिच्या हातात देतो. ही तिच्यात दुधाचे खाडे आणि शिवणाची मापं लिहिते. आजही सवयीने आणली आणि ओट्यावर ठेवली. तिथे ती तशीच पडून राहिलेली बघवेना, म्हणून मीच लिहायला घेतली.

मुलीच्या बाळंतपणासाठी ही परदेशी गेली होती. परत येताना विमानातच गेली. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती वर सरकली, असं डॉक्टर म्हणाले. मी विमानतळावर, उतारू बाहेर येतात त्या दारासमोर उभा होतो. फलकावर 'उतरले' असं आलं. सगळे बाहेर आले. मग एक अधिकारी आला आणि त्याने माझं नाव विचारलं.

त्याला आता महिना होईल. मृत्यूच्या दाखल्यावर ठिकाण म्हणून आपल्या इथला विमानतळ लिहिला आहे आणि वेळ विमान उतरल्यानंतरची. मी विचारलं तेव्हा कारकून म्हणाला, "विमान उतरल्यावर डॉक्टर आत जाऊन तपासतात. त्यांनी तपासलं तेव्हाची वेळ लागते, साहेब." म्हणजे ते खरं नाही. ही त्याच्या आधीच केव्हातरी गेली होती. दोन विमानतळांच्या मध्ये कुठेतरी. ते कुठे, एवढंच मला हवं आहे.

८ मार्च

इमारतीचे सेक्रेटरी आले होते. म्हणाले, लिफ्ट आपली आपणच खाली जाते आणि दार सताड उघडं टाकून उभी राहते. वरच्या लोकांना बटण दाबून ताटकळत बसावं लागतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर लिफ्टने जाणंच सोडलं आहे.

"त्या म्हणतात, कुणीतरी यायचंय अशी उभी असते. मी म्हटलं, काहीतरीच काय! पण काका, खरं सांगू, काल संध्याकाळी मलाही आत जावंसं वाटेना. तुमचं तर कामच हे. बघा ना जरा."

लिफ्टची देखभाल हेच माझं काम. उभा जन्म त्यात गेला. गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन पॅनेल उघडलं. ब्रेक, दोर, तारा, सगळं जागच्या जागी होतं. सेक्रेटरींना सांगितलं, दोष नाही.

मुलीचा फोन. "जेवलात का, बाबा?" हो म्हटलं. मागे बाळ कुरकुरत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इथली लिफ्ट सुरू झाली, बाबा. गेल्या आठवड्यात." मी म्हटलं, चांगलं झालं. तिने फोन ठेवला.

१३ मार्च

हिच्या सामानाबरोबर एक जाकीट आलं आहे. ते हिचं नाही. पुरुषाचं, तपकिरी, जाड कापडाचं, कोपरावर झिजलेलं. हिच्या अंगावर पांघरलेलं होतं म्हणे. खिशात एक चपटी पेन्सिल आहे आणि खिशाच्या शिवणीत लाकडाचा भुसा. सुताराचं असणार. म्हणजे शेजारच्या सीटवर सुतार होता.

ज्याचं त्याला दिलं पाहिजे, म्हणून मी विमानतळावर जातो. ते विमान रोज नसतं. ज्या वारी असतं त्या वारी अर्धी रजा टाकतो. आज काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, जाकीट आमच्याकडे ठेवून जा की. आम्ही पोचवू."

"नको, मीच देतो."

"पण ते गृहस्थ तर त्याच दिवशी उतरले. मग आता हे विमान आलं की तुम्ही दारासमोर का उभे राहता?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथून माणसं नीट दिसतात, असं मी सांगितलं.

आजही सगळे बाहेर येईपर्यंत थांबलो. शेवटी एक बाई आल्या, हिच्यासारख्याच एका बाजूला कलून बॅग ओढत. त्यांना घ्यायला कुणी आलं नव्हतं. त्या इकडेतिकडे बघत होत्या. मी हात वर केला होता, तो खाली घेतला.

१७ मार्च

एका कचेरीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत चार माणसं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. ज्यांच्या हाताखाली आम्ही शिकलो त्यांनी ती घालून दिली. एकाने वर मशीन रूममध्ये जायचं, दुसऱ्याने दाराशी उभं राहून आतल्या माणसांशी बोलत राहायचं. लिफ्ट हलेपर्यंत थांबायचं नाही. काय बोललं ते महत्त्वाचं नाही, आवाज तुटता कामा नये. आमच्या जोडीत बोलणारा माझा जोडीदार. त्याला सगळे भोंगा म्हणतात. मी वर जाणारा. मला मौनीबाबा म्हणतात.

आज मी वर ब्रेक सोडवत होतो आणि जिन्याच्या पोकळीतून त्याचा आवाज येत होता. "आत साहेब किती आणि कामाची माणसं किती? ... सगळेच साहेब? मग कसं हो व्हायचं! ... नाही नाही, पडत नाही ताई, एवढ्या दोरांना टांगलीये. आमच्या बायकोचा आमच्यावर नसेल एवढा भरवसा ठेवा. ... कुणाला शिंक आली? सावकाश, एकेकाने द्या."

दार उघडल्यावर त्यातल्या एक बाई त्याचा हात धरून रडल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ते बरोबरच आहे.

परत येताना व्हॅनमध्ये भोंगा म्हणाला, "पोरीशी बोलतोस का रे?"

"ती करते की फोन."

"तू बोलतोस का, ते विचारतोय."

मी हत्यारांची पेटी आवरायला घेतली.

२२ मार्च

हिची थोरली बहीण याच गावात असते. शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त आहे. हिच्यासारखंच मीही तिला ताई म्हणतो. तिच्याकडे पृथ्वीचा गोल आहे म्हणून गेलो. त्याआधी घरी नकाशावर पट्टी ठेवून दोन्ही विमानतळ रेघेने जोडले होते. रेघ बराचसा वेळ एका वाळवंटावरून जाते. महिनाभर मी हिला त्या वाळवंटावरच समजत होतो. रोज दुपारी डोळे मिटले की खाली पिवळं दिसायचं.

ताईने चष्मा पुसत रेघ बघितली आणि म्हणाली, "असं नसतं हो. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. दोरा आणलाय का?"

हिच्या शिवणाच्या डब्यातली रिळं माझ्या खिशात होती. ताईने एका शहरावर दोऱ्याचं टोक धरलं, मी दुसऱ्यावर. ताणल्यावर दोरा आपोआप वर सरकला. वाळवंटाला तो शिवलासुद्धा नाही. नुसते डोंगर, बर्फ आणि एक मोठं सरोवर.

"इथून जातं विमान," ताई म्हणाली. "आणि तिकडून येताना वेळ कमी लागतो. वर वारा पश्चिमेकडून वाहतो, तो पाठीशी असतो. जाताना तोंडावर येतो. जाताना जवळजवळ दोन तास जास्त लागतात."

"अंतर तर तेच."

"अंतर तेच. तुमच्या जिन्याचंही तेच असतं. चढताना आणि उतरताना सारखं वाटतं का?"

चहा झाला. निघताना मी दोऱ्याची घडी घालून बरोबर मध्यावर गाठ मारली. ताई बघत होती.

"ही गाठ कशाला?"

"नुसतीच."

पण नुसतीच नाही. तिकडून येताना गाठीच्या अलीकडे गेली असेल तर ती मुलीच्या जवळ गेली. पलीकडे गेली असेल तर माझ्या.

२७ मार्च

काउंटरवरच्या मुलीने आज स्वतःहून हाक मारली. "काका, कुणाचं नाव मला देता येत नाही. पण तुमचा नंबर त्यांना पाठवू का? करावासा वाटला तर करतील फोन." मी होकार दिला. मग तिने विचारलं, "तुम्ही इतक्या लांबून येता. चहा घेता का?" मी म्हटलं, विमान यायचंय अजून.

३० मार्च

लिफ्टची तक्रार पुन्हा आली. आज तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कठड्यावर. म्हणाल्या, "तुम्ही नसता तेव्हा कळत नाही तुम्हाला. दुपारी कुणी नसताना घरघर करत खाली जाते. मी जिन्यातून बघते, आत कुणी नाही. खाली जाऊन दार उघडते आणि उभी. एकदा तर मी म्हटलंच, अगं ये बाई कोण असशील ती, नाहीतर जा."

मशीन रूममध्ये गेलो. या वेळी पॅनेलच्या आतल्या बाजूचं झाकण काढलं. रिकामी लिफ्ट कुठल्या मजल्यावर जाऊन थांबेल ते तिथे ठरवता येतं. तिथे तळमजला लावलेला आहे आणि दार उघडं. हे मीच केलं आहे. ही यायची त्या सकाळी, विमानतळावर निघण्याआधी.

आदल्या दिवशी हिचा फोन आला होता. म्हणाली, "इथली लिफ्ट बंद पडलीये ती पडलीच. सहा मजले चढून उतरून पाय भरून येतात. तुम्ही असता तर एका दिवसात केली असती." मी म्हटलं, "इथे लिफ्ट खाली उभी ठेवतो." ती हसली. मग तिकडे बाळ उठलं, म्हणून फोन ठेवला.

झाकण लावलं आणि खाली आलो. सेक्रेटरींना सांगितलं, बघतोय.

मुलीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होतो. नंतर लावू म्हटलं, राहून गेलं.

५ एप्रिल

सुताराचा फोन आला. आवाज तरुण आहे. जाकिटासाठी नाही, पण भेटायला येतो म्हणाला.

७ एप्रिल

तो सकाळी आला. रुंद पंजे, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. दारात बूट काढता काढता म्हणाला, "काका, मजला विचारायला खाली कुणी दिसेना. पण लिफ्ट दार उघडून उभीच होती. म्हटलं, मावशींनी सांगितलं होतं तेच हे घर."

मी विचारलं, हिने काय सांगितलं होतं?

"त्या म्हणाल्या, आमच्याकडे लिफ्टसुद्धा माझी वाट बघत उभी असते."

मी पाणी आणायला आत गेलो. जरा वेळ लागला.

तो तिकडे दोन वर्षं दारं-खिडक्या बसवायच्या कामावर होता. काम संपलं म्हणून परत येत होता. ही खिडकीशी, हा तिच्या शेजारी. बसल्याबसल्या हिने मनगटावरचं घड्याळ फिरवून इकडच्या वेळेवर लावलं आणि त्याला म्हणाली, "झालं, मी घरी पोचले. आता नुसतं शरीर न्यायचंय." तो हसला होता. त्याला आता त्याचं वाईट वाटतं. मी सांगितलं, वाटून घेऊ नका, ती नेहमी असंच बोलते.

मग तिने नातीचे फोटो दाखवले. त्याच्या लग्नाचं विचारलं. त्याच्या शर्टाची शिवण उसवली होती, ती पिन लावून दिली. ऊन येतं म्हणून खिडकीची झडप ओढली आणि झोपली.

"जेवण आलं तेव्हा मी म्हटलं, मावशी, उठता का? नाही उठल्या. हात लावला तर... मग मी बटण दाबलं. एक डॉक्टर होत्या मागच्या बाजूला, त्या आल्या. त्यांनी सगळं केलं, काका. खाली आडवं घेतलं, छाती दाबली. बराच वेळ. कुणी काही कमी केलं नाही."

"आणि मग?"

"मग पुन्हा सीटवर बसवलं, पट्टा लावला. विमान भरलेलं होतं, दुसरी जागा नव्हती. मला म्हणाले, तुम्ही मागे आमच्या खुर्चीवर या. मी नाही गेलो."

"का?"

"एकटं कसं सोडायचं? जाकीट घातलं अंगावर. आणि बोलत बसलो."

"कुणाशी?"

"मावशींशी."

मी त्याला विचारलं की काय बोललात. मला ते ऐकायचंच होतं. तो जरा लाजला.

"काही नाही हो. कामाचं. चौकट ओळंब्यात सरळ नसेल तर दार आपोआप कसं उघडतं. ओल धरली की कसं फुगतं. आमच्या घरचं मागचं दार लहानपणापासून अडतं, आता गेल्यावर पहिलं ते रंध्याने घासणार, असं सगळं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत होता. म्हटलं, बघू दे. उतरेपर्यंत बोललो. घसा बसला."

मग मी दोरा काढला आणि टेबलावर पसरला. गाठ दाखवली. विचारलं, तेव्हा विमान कुठे होतं? खाली काय होतं? डोंगर का पाणी?

"झडप बंद होती ना, काका. मी उघडली नाही. त्यांनीच बंद केलेली, म्हणून." मग आठवून म्हणाला, "पण एक ऐकलं. एअर होस्टेस पुढे जाऊन विचारून आली. डॉक्टरांना म्हणाली, मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळ आहे."

पुढे जाणं जवळ आहे.

त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. जाकीट दिलं. पेन्सिल त्याने खिशातून काढून माझ्या हातात ठेवली. लिफ्ट त्याला घेऊन खाली गेली आणि मी कितीतरी वेळ तिचा आवाज ऐकत होतो. म्हणजे गाठीच्या पलीकडे. म्हणजे माझ्याकडे.

९ एप्रिल

ताईला सांगायला गेलो. एवढ्या दिवसांत मी आपण होऊन काही सांगायला गेलो नव्हतो. तिने सगळं ऐकून घेतलं. सुताराचं ऐकताना पदर डोळ्यांना लावला. मग मी दोरा काढला आणि म्हटलं, "बघा, अर्ध्याच्या पुढे आली होती."

ताई थोडा वेळ गोलाकडे बघत राहिली. "तसंच काही नाही," ती हळू म्हणाली. "वारा पाठीशी होता. मागे फिरले असते तर तोच तोंडावर आला असता. म्हणून अर्ध्याच्या थोडं अलीकडे असलं तरी पुढेच लवकर पोचतं. त्यांचं जवळ म्हणजे वेळेचं जवळ."

"म्हणजे अलीकडे होती?"

"मी कुठे असं म्हणतेय? अलीकडे असेल, पलीकडे असेल. नाही सांगता येत."

मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला शिकवायची सवय आहे. सगळीकडे तेच."

"आहे. आणि तुम्हाला काय सवय लागलीये?" ताई उभी राहिली. "हे काय चाललंय हो? वाटणी करताय का तिची? एवढी लेकीची, एवढी नवऱ्याची? मग माझी कुठंय? माझ्याआधी तुमच्याकडे आली होती का ती? मी कडेवर घेऊन फिरलेय तिला. माझ्या वाट्याला किती दोरा येतो, मोजा की."

मी दोरा गुंडाळायला लागलो. गाठीमुळे रिळावर नीट बसेना. जिना उतरेपर्यंत ताई मागून येत होती. फाटकाशी म्हणाली, "उद्या जेवायला या. मी रागावलेय, पण या."

१० एप्रिल

आजचं नीट लिहितो.

सकाळी मुलीचा फोन. जेवलात का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. मी हो, हो म्हणत होतो. मग ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ते त्या जिन्यामुळे ना?"

मी विचारलं, कुठला जिना? मला खरंच कळलं नव्हतं.

"असं नका करू, बाबा. रागवा, पण असं नका करू." तिचा आवाज चिरकला. "लिफ्ट बंद होती. रोज सहा मजले. दूध आण, औषध आण, सगळं आईच. मला उठू देत नव्हते तेव्हा डॉक्टर, पण मी म्हणायला हवं होतं की नको चढूस. शेवटच्या दिवशीही ती जिन्यानेच उतरली. मी वरून बघत होते. प्रत्येक मजल्यावर थांबून वर बघून हात करायची. मला वाटलं, माझ्यासाठी थांबतेय. ती दमली होती म्हणून थांबत होती."

मग नुसतं रडणं. मग तेही थांबलं. फोनमधून काहीच येईना. श्वाससुद्धा.

तो आवाज मला ठाऊक आहे. लिफ्टच्या दाराला कान लावला आणि आतलं माणूस हाक मारायचं थांबलेलं असलं, की असंच येतं. अशा वेळी मी नेहमी वर असतो. खाली भोंगा असतो.

मी तिथेच ओट्याशी खाली बसलो आणि बोलायला लागलो. काय बोलू ते सुचेना, म्हणून चौकटीपासून सुरुवात केली. चौकट ओळंब्यात नसेल तर दार आपोआप उघडतं, असं सांगितलं. मग सुतार. त्याचं काळं नख, त्याचं जाकीट, हिने लावलेली पिन. घड्याळ. पट्टा. घसा बसेपर्यंत तो बोलत राहिला ते. मग लिफ्ट मी खाली कशी ठेवली आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तिला काय म्हणतात ते. तिथे ती हुंदक्यातच हसली. मी थांबलो नाही. ती लहान असताना लिफ्टमध्ये अडकली होती आणि आतून गाणं म्हणत होती, ते सांगितलं. ते मला इतकी वर्षं आठवलंही नव्हतं. राग नाही, असंही मध्ये केव्हातरी म्हटलं. "डॉक्टरांना कळलं नाही, तुला काय कळणार, पोरी?"

शेवटी ती म्हणाली, "बाबा, आई तेव्हा कुठे होती? इथून किती लांब गेली होती?"

दोरा टेबलावरच होता.

"मध्ये," मी म्हटलं. "बरोबर मध्ये."

"खरंच?"

"तुझ्या मावशीला विचार. भूगोल तिचा."

फोन ठेवल्यावर ताईकडे गेलो आणि काय सांगितलंय ते तिला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "मीही तेच सांगितलं असतं." जेवताना मी नको म्हणत असताना तिने माझ्या ताटात आणखी वाढलं.

२० एप्रिल

मुलीकडे जायचं तिकीट आलं. भोंगा म्हणाला, "मौनीबाबा, विमानात शेजारच्याशी बोल. बिचारा घाबरेल की मुका माणूस बसवलाय." आणि मिठी मारली. याआधी कधी मारली नव्हती.

३ मे

आज निघायचं. सकाळी मशीन रूममध्ये जाऊन सेटिंग काढली. लिफ्ट आता जिथे सोडावी तिथेच थांबेल. दोनदा वरखाली करून बघितली. शेवटी आपल्या मजल्यावर आणून उभी केली आणि आवरायला आत आलो.

बॅग घेऊन बाहेर आलो तर लिफ्ट जागेवर नव्हती. बटण दाबलं नाही. जिन्याने उतरलो. खाली ती दार उघडं टाकून उभी होती. आत कुणी नाही, आसपासही नाही.

कुणीतरी उतरून गेलं असेल. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग दार हाताने लावून घेतलं.

विमानतळावर काउंटरच्या मुलीने ओळखलं. "आज आत जाताय, काका?" म्हटलं, हो.

४ मे

मुलीकडून लिहितोय.

विमानात बसल्याबसल्या घड्याळ फिरवलं. शेजारी कुणी नव्हतं, ती सीट रिकामीच राहिली. पुढच्या पडद्यावर नकाशा आणि त्यात छोटं विमान होतं. पट्टीची रेघ नाही, दोऱ्यासारखाच वर गेलेला बाक. सरोवर आलं तेव्हा मी झडप उघडली. खाली ढग होते. मी शेजारच्या सीटवर हात ठेवला आणि हळू आवाजात बोलत राहिलो. नातीचं, मुलीचं, ताई रागावली त्याचं. गाठ नेमकी कुठे येते ते कळलं नाही, म्हणून सगळ्याच वाटेवर बोललो. वारा तोंडावर होता. पुष्कळ वेळ मिळाला.

जावई घ्यायला आले होते. गाडीत म्हणाले, "बाबा, ही अजून लिफ्टने जात नाही. बाळाला घेऊन जिना चढते. सांगून दमलो." इमारतीशी पोचलो तर मुलगी बाळाला घेऊन खालीच उभी होती. केवढी वाळली आहे.

जावयांना म्हटलं, तुम्ही गाडी लावून सावकाश या. मुलीला लिफ्टच्या दाराशी नेलं. जुनी लिफ्ट, पण दोराचा आवाज चांगला आहे.

"आत जा. सगळ्या मजल्यांची बटणं दाब."

"तुम्ही?"

"मला जिना बघायचाय."

ती आत गेली. दार लागलं आणि मी चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, मी समोर होतो. म्हटलं, "ऐकू येतंय का?" म्हणाली, "हो, बाबा." दुसऱ्यावर बाळ जागं झालं होतं. त्याला म्हटलं, तुझ्या आजीने मला इथे बोलावलं होतं लिफ्ट दुरुस्त करायला, मी उशिरा आलो. तिसऱ्यावर खिडकीचा कट्टा आहे. त्याच्या शेजारी भिंतीवर हात टेकून टेकून एक डाग पडला आहे. खांद्याएवढ्या उंचीवर. माझ्या नाही, हिच्या. चौथ्यावर मी धावत पोचलो, कसाबसा.

पाचव्याला उशीर झाला. छाती भरून आली होती, पाय उचलेना. मध्येच थांबलो. वरच्या वळणावर कुणीतरी दमून उभं असल्याचा श्वास येत होता. माझाच असणार, पोकळीत आवाज फिरतो. तरी मी तो थांबेपर्यंत थांबलो आणि मग पुढे चढलो.

लिफ्ट पाचव्यावर दार उघडं ठेवून उभी होती. मुलीने दारात पाय घातला होता.

"काय हो, बाबा, बोलत का नाही?" ती म्हणाली.

"आलो, आलो," मी म्हटलं.